१९ सुरांचं भूत

भाची गेम चालू ठेवून पाणी प्यायलाही उठत नाही. का, तर "मामा, थोडा वेळ काही केलं नाही की ते गाणं वाजतं आणि डोक्यात शिरतं." हे तिला कुणी सांगितलं? ताईला आलेल्या फॉरवर्डने.

फॉरवर्डचं म्हणणं असं: निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचा संगीतकार काझुमी तोताका याने कितीतरी गेम्समध्ये १९ सुरांची एकच धून लपवली, ती मुलांच्या मनावर ताबा मिळवण्याचा गुप्त संकेत आहे, मेमरी कमी म्हणून तीच पुन्हापुन्हा वापरली, आणि तसेही हे संगीतकार आळशी, एका चालीवर आयुष्य काढणारे.

धून आहे, हे खरं. पुढचं सगळं पतंग उडवणं.

मनावर ताबा मिळवायचा तर धून कानावर तरी पडायला हवी ना? १९९३ च्या 'लिंक्स अवेकनिंग' या गेममध्ये ती ऐकायची तर रिचर्ड नावाच्या पात्राच्या घरात अडीचेक मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. 'मारिओ पेंट'मध्ये शीर्षकातलं 'ओ' अक्षर दाबावं लागतं. गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या १९९२ च्या 'एक्स' गेममधली तर सापडायलाच कित्येक वर्षं गेली. असा कसला हा संकेत, जो कुणाला मिळतच नाही?

आणि गुप्त? 'लिंक्स अवेकनिंग'च्या जपानी आवृत्तीत खेळाडूचं नाव 'तोताकेके' टाका, धून वाजते. 'ॲनिमल क्रॉसिंग'मधल्या गिटारवाल्या कुत्र्याचं जपानी नावही तोताकेकेच, म्हणजे तोताका के. त्याच्याकडे 'के. के. साँग'ची फर्माईश करा, तो हीच धून गातो. कट करणारा माणूस स्वतःच्या नावाची पाटी लावतो होय? अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते, तशातलाच हा प्रकार.

मेमरीचं म्हणाल तर जागेची टंचाई होती, कबूल. 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीत बसवला होता, ढग आणि झुडूप एकाच आकाराचे, फक्त रंग वेगळे. पण ती बचत एका गेमच्या आत. एका गेमच्या कार्ट्रिजमधली चाल दुसऱ्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये पुन्हा घातली तर जागा वाचते कशी? उलट जास्तीची लागते!

आळशीपणावर काय बोलायचं. संगीतकार नोबुओ उएमात्सूची 'फायनल फँटसी' या गेममालिकेतली चोकोबो पक्ष्याची चाल पाहा, पाचव्या भागात ती मांबो नाचाच्या ठेक्यात आली, सहाव्यात टेक्नो झाली. यात आळस कुठे दिसला?

शेवटी भाचीला शेजारी बसवलं आणि तिच्याच 'लुइजीज मॅन्शन'मध्ये सरावाच्या खोलीतला कंट्रोलरची बटणं दाखवणारा पडदा उघडून ठेवला. तिथे साडेतीनेक मिनिटं थांबावं लागतं. दुसऱ्या मिनिटाला तिची चुळबुळ सुरू झाली.

"मामा, इथे एवढा वेळ थांबतं कोण?"