मॅचिंग सेंटरच्या काउंटरवरून : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण लगेच लिहायला बसले असते तर भलतंच काहीतरी लिहून गेले असते म्हणून आज लिहितेय. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. लेख रंगांच्या दृष्टिभ्रमावर होता. रंग नुसता वस्तूत नसतो, त्या वस्तूवर पडलेला उजेड आणि शेजारचे रंग यांचा अंदाज घेऊन मेंदू तो ठरवतो, असं मी लिहिलं होतं, आणि दुकानात ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेला ब्लाउजपीस बाहेर उन्हात कसा वेगळा निघतो हे उदाहरण दिलं होतं. सरांचं म्हणणं असं की हे उदाहरण चुकीच्या जागी आलंय, तो मेटामेरिझम आहे (म्हणजे दोन वेगळे रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसणं), भ्रम नाही. लेखातल्या चित्रातले ए आणि बी हे चौकोन, जे मी एकाच रंगाचे म्हटले होते, त्यांच्या मोबाइलवर सरळसरळ वेगळे दिसतात. केळ्याच्या प्रयोगातला फरक किरकोळ आहे. चित्र फार लहान आहे. आणि मग शेवटचं वाक्य : "मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर बसून मेंदूचं विज्ञान कळत नसतं ताई, त्याला अभ्यास लागतो."

चित्र लहान होतं हे मान्य, मोठं टाकते.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही आयुष्यभर फिजिक्स शिकवलंत असं लिहिलंय, त्याबद्दल मला आदरच आहे, पण वर्गात एखाद्या पोरीने हात वर करून "सर, आमच्या दुकानात असं होतं" म्हटलं तर तुम्ही तिला असंच उत्तर द्यायचात का हो? उदाहरण पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, दोन ओळीत चूक दाखवा, मी वाचेन. पण माझं दुकान काढायचं कारण काय? लेखात मी कुठे स्वतःला डॉक्टर-संशोधक म्हणवून घेतलंय ते तरी दाखवा.

आणि काउंटरचं म्हणाल तर ऐका. जळगावात वडिलांचं मॅचिंग सेंटर, शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली टाकून मी तिथेच. मागे भिंतभर टू बाय टू रुबियाचे तागे. नवख्या माणसाला ते सगळं नुसतं हिरवं दिसतं, आम्हाला त्यात मेहंदी, शेवाळी, बॉटल ग्रीन, रामा, पोपटी असं वेगवेगळं दिसायचं आणि अंधारात हात घालून मागितलेला तागा काढता यायचा. धरणगाव-अमळनेरकडच्या बाया लग्नसराईत पिशवीत साडी घेऊन यायच्या, पप्पा पीस काढून काठावर ठेवायचे आणि कात्री लावायच्या आधी सांगायचे, जा, बाहेर उजेडात बघून या. ती बाई पायरीवर जाऊन बघायची आणि परत येऊन म्हणायची, भाऊ, हाऊ रंग तो नही शे. पप्पांनी कधी वाद घातला नाही, दुसरा तागा काढायचे.

पण मला जास्त शिकवलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि ही सरांनी नीट वाचावी, कारण इथे उजेड बदललेला नाही, कापड बदललेलं नाही, जागासुद्धा तीच आहे. साधा राखाडी पीस गडद हिरव्या साडीवर ठेवला की तो किंचित गुलाबीसर दिसायला लागतो. तोच पीस उचलून लाल साडीवर ठेवा, हिरवट मारतो. गिऱ्हाईक म्हणणार हा तो नाही, तुम्ही बदलला. मग पप्पा दोन्ही पंजे असे पसरून आजूबाजूची सगळी साडी झाकायचे, मधे फक्त पिसाचा चौकोन उघडा ठेवायचे, आणि म्हणायचे, आता बघा. गुलाबी झाक गेलेली असायची. हात काढला की परत यायची. आता सांगा, हा मेटामेरिझम आहे का? कापडावरून डोळ्यात येणारा प्रकाश तोच आहे सर, बदलला तो फक्त शेजार.

आणि हे काही आमच्याच दुकानात घडलं असं नाही. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे विणलेले पडदे बनायचे, तिथल्या रंगखात्याचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ आला. तक्रार अशी होती की काळा धागा फिका पडतो, त्यात दम नाही, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी तर फारच मरगळलेला दिसतो. त्याने रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून बघितला, रंगात काही खोट सापडली नाही. मग त्याच्या लक्षात आलं की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे, म्हणजे खरं तर बघणाऱ्याच्या नजरेत. त्यावर त्याने पुढे अभ्यास करून १८३९ मध्ये मोठा ग्रंथ काढला, रंगांच्या एकाच वेळच्या विरोधाचा नियम म्हणून तो आजही शिकवतात, चित्रकारांनी तर तो डोक्यावर घेतला. सुरुवात कुठून झाली? धाग्याच्या कारखान्यातल्या तक्रारीतून. अभ्यास लागतोच, मी नाही म्हणत नाही, पण अभ्यासाला आधी काहीतरी दिसावं लागतं, आणि ते जिथे रोज शेकडो रंग एकमेकांवर ठेवले जातात तिथे दिसणार नाही तर कुठे दिसणार? शेवरल मोठा माणूस, माझे वडील दहावीपर्यंत शिकलेले, बरोबरी मी करत नाहीये, पण दोघांनी बघितलं ते एकच. म्हणून त्या वाक्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ए आणि बी चौकोनांचं. ते चित्र एमआयटीच्या एडवर्ड एडल्सन यांनी १९९५ मध्ये केलं. बुद्धिबळासारखा पट, त्यावर हिरवा दंडगोल, त्याची सावली पटावर. ए हा सावलीबाहेरचा गडद चौकोन, बी सावलीतला फिकट. "माझ्या मोबाइलवर वेगळे दिसतात" असं तुम्ही पुराव्यासारखं लिहिलंत, अहो मला पण वेगळेच दिसतात, सगळ्यांनाच दिसतात, चित्राचा मुद्दाच तो आहे! जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या, त्याला बरोबर ए आणि बीवर येतील अशी दोन छोटी भोकं पाडा, स्क्रीनवर धरा. दोन्ही भोकांत एकच राखाडी दिसेल. पुठ्ठा काढा, परत वेगळे. माहीत असूनही वेगळे. कारण मेंदू म्हणतो की बी सावलीत आहे, सावलीत असून एवढा उजेड परत पाठवतोय म्हणजे मूळचा फिकटच असणार, आणि तो तसा दाखवतो. आता याला चूक म्हणायचं का? झाडाखाली वाळत घातलेलं पांढरं धोतर आपल्याला पांढरंच दिसतं ते याच हिशोबामुळे, नाहीतर ढग आला की घरातली प्रत्येक वस्तू नवी वाटली असती.

केळ्याचं तुम्ही एका शब्दात उडवलंत, "किरकोळ". जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठातला २००६ सालचा प्रयोग आहे. स्क्रीनवर फळाचं चित्र द्यायचं आणि माणसाने ते बटणांनी पूर्ण राखाडी करायचं, बस. केळं आलं की लोक खऱ्या राखाडीवर थांबेनात, थोडं निळ्याच्या बाजूला जाऊन म्हणायचे, हां, आता झालं राखाडी. म्हणजे खरोखर राखाडी असलेलं केळं त्यांना अजून पिवळसर दिसत होतं, केळं पिवळं असतं हे आधीपासून माहीत असल्यामुळे. फरक मोठा नाही, बरोबर, पण तो आहे ना? रावेर-यावलच्या माणसाने तरी, जिथे नजर जाईल तिथे केळीच्या बागा, या प्रयोगाला किरकोळ म्हणू नये असं मला वाटतं.

राहिला मेटामेरिझम. ब्लाउजपीसवर पडणारा उजेड बदलला की परतणारा प्रकाशच बदलतो, हे फिजिक्स झालं, असं तुमचं म्हणणं. ठीक आहे, असेल. पण ट्यूबलाइटखाली दोन वेगवेगळे रंग मुळात एकसारखे दिसलेच का? कारण डोळ्यात रंगासाठीच्या शंकूपेशी तीनच जातीच्या, त्या तिघींना सारखाच धक्का बसला की प्रकाश कितीही वेगळा असो, आपल्याला रंग एकच. तेव्हा बघणाऱ्याला बाजूला काढून तुमचं फिजिक्ससुद्धा ती गोष्ट पूर्ण सांगू शकत नाही. याहून बारीक कीस मला पाडायचा नाही, लेख परीक्षेच्या पेपरसाठी लिहिलेला नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुठ्ठ्याचा प्रयोग करून बघा आणि काय दिसलं ते इथेच खाली लिहा. विषयावर काहीही विचारा, मला जमेल तसं सांगेन. वडिलांच्या दुकानावर मात्र परत बोलू नका.