बोअरची मोटर आणि स्क्रॅमजेट

परवा रावेरला चहाच्या टपरीवर एकाने टोकलं, "भाऊ, इंजिन जमिनीला बांधून चालवलं, उडवलं तर नाही ना? मग एवढा गाजावाजा कशाचा?" विषय डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेचा. ९ जानेवारी २०२६ ला तिथे स्क्रॅमजेटचा, म्हणजे आवाजाच्या कैक पट वेगाच्या क्षेपणास्त्रांसाठीच्या इंजिनाचा, पूर्ण आकाराचा ज्वलनकक्ष १२ मिनिटांहून जास्त चालला.

मी म्हणतो, बांधून इतका वेळ चालला हीच तर बातमी आहे.

गेल्या मे महिन्यात माझी बोअरची मोटर जळाली. वाइंडिंग करून आणली. मिस्तरीने दोन मिनिटं फिरवून दाखवली, आवाज गोड, म्हटलं चला. सगळे पाइप जोडून खाली सोडली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद! पंचेचाळीस डिग्रीत केळी तहानलेली, पाइप उपसायला पुन्हा चार माणसं. दोन मिनिटं काहीही फिरतं हो. उष्णता मुरायला वेळ लागतो, खोट तेव्हाच उघडी पडते.

स्क्रॅमजेटला ना पंखा ना टर्बाइन. वेगानेच हवा दाबली जाते आणि आतूनही ती आवाजापेक्षा जोरात पळते, सेकंदाला दीड किलोमीटर. त्यात जाळ टिकवायचा! भरताची वांगी भाजताना वारा सुटला की पऱ्हाट्यांचं काय होतं, ते खान्देशी माणसाला सांगायला नको. आवाजाच्या सहापट वेगाला ३० किलोमीटर उंचीवरची हवा अडली की सोळाशे अंशांच्या आसपास तापते. म्हणून कक्षाच्या भिंतींतून इंधनच खेळवतात. ते आधी उष्णता पितं, मग जळायला जातं. आपली सबमर्सिबलही उपसायच्या पाण्यावरच थंड राहते. पाणी तुटलं की गेली.

२०१६ मध्ये इस्रोचं स्क्रॅमजेट उडताना ५ सेकंद पेटलं, २०२० मध्ये डीआरडीओचं २० सेकंदांवर. जाळ धरतो हे कळलं. भिंत किती वेळ तग धरते, ते एवढ्यात कसं कळणार? एप्रिल २०२५ मध्ये लहान आकाराचा कक्ष १००० सेकंदांवर गेला, तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

पण 'क्षेपणास्त्र तयार' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. जमिनीवर अशी तापलेली हवा करायला बऱ्याचदा हवेतच इंधन जाळतात आणि कमी पडलेला ऑक्सिजन वरून भरतात. त्यात वाफ उरते, आकाशातली हवा कोरडी. शिवाय कक्ष म्हणजे अख्खं इंजिन नव्हे. उडवावं लागेलच.

बाकी, मोटर उद्या बोअरमध्ये सोडतोय. या खेपेला हौदात तासभर चालवायला लावली. मिस्तरी वैतागलाय.