‘प्रतिकारशक्ती चांगली होती म्हणून बऱ्या झाल्या’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘डेंग्यूपुढे प्रतिकारशक्तीचं काही चालत नाही, ती वाढवायच्या नादी लागू नका.’ त्यावर तुम्ही लिहिलंत, की गेल्या श्रावणात तुमच्या सासूबाईंना डेंग्यू झाला, तुम्ही पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा दिला आणि प्लेटलेट ४२ हजारांवरून लाखावर गेल्या. तेव्हा मी लोकांना उगाच घाबरवतोय, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. ‘काही चालत नाही’ हे वाक्य मी मागे घेतो. डेंग्यूचा विषाणू अंगात शिरलेल्या चार जणांपैकी साधारण तिघांना आजार जाणवतही नाही. प्रतिकारशक्ती अगदीच हतबल असती तर हे झालं नसतं. पण ‘वाढवणं’ या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते का, हे नीट सांगतो.

सासूबाईंच्या रिपोर्टवर ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ असं असेल. सिडकोतल्या लॅबमध्ये काम करताना पावसाळाभर हा शब्द रोज टाईप करतो. एनएस-१ हे विषाणूचंच एक प्रथिन. ते रक्तात सुटतं, म्हणून आपल्याला ट्यूबमध्ये सापडतं. त्याची भावंडं मात्र पेशीच्या आतच राहतात, आणि खरी गोष्ट तिथं घडते.

आपल्या नाशकात बिबट्या दिसला की काय होतं? एका घरातून फोन जातो आणि बघता बघता सगळी गल्ली दारं लावून घेते. शरीरातही असंच आहे. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हे शोधलं. इंटरफेरॉनचा निरोप मिळाला की पेशी शेकडो जनुकं चालू करते आणि विषाणूला आपल्या प्रती काढणं अवघड होऊन बसतं. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार व्हायला काही दिवस लागतात, हे काही तासांत होतं. यालाच उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात.

डेंग्यूचा विषाणू नेमका या फोनवर घाला घालतो. आधी तो पेशीतल्या पडद्यांच्या घड्यांमध्ये दडून प्रती काढतो, म्हणजे पहारेकऱ्यांना तो उशिरा दिसतो. पेशीत ‘स्टिंग’ नावाचं एक प्रथिन धोक्याचा निरोप पुढे पाठवतं. विषाणूकडे प्रथिनं कापणारी एक कात्री असते, ती या स्टिंगलाच कापून टाकते. आणि एनएस-५ हे विषाणूचंच आणखी एक प्रथिन ‘स्टॅट-२’ला धरून पेशीच्याच कचराकुंडीत पाठवतं. हा स्टॅट-२ म्हणजे इंटरफेरॉनचा निरोप जनुकांपर्यंत नेणारा माणूस. म्हणजे विषाणू शिरलेल्या घरात शेजाऱ्यांचा फोन वाजत राहतो, पण उचलणाराच पळवलेला असतो.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट उंदराची वाटते. साध्या उंदराला डेंग्यू नीट होतच नाही. विषाणूची कात्री माणसाचं स्टिंग कापते, उंदराचं कापू शकत नाही. एनएस-५ला उंदराचा स्टॅट-२ मोडता येत नाही. म्हणून डेंग्यूवर संशोधन करताना बऱ्याचदा इंटरफेरॉनचा निरोपच घेऊ न शकणारे उंदीर वापरावे लागतात. ताई, उंदीर वाचतो तो त्याची प्रतिकारशक्ती आपल्यापेक्षा ‘जास्त’ आहे म्हणून नव्हे. या विषाणूकडे उंदराच्या कुलपाची किल्लीच नाही. आपल्या कुलपाची आहे. काढ्याने कुलूप बदलत नाही.

दुसरं. समजा सगळीच प्रतिकारशक्ती खरोखर वाढवता आली. तरी ते चांगलंच, असं नाही. उशिरा जागा झालेला बंदोबस्त मग पूर्ण जोरात उतरतो आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर त्यात सैल पडतं. एनएस-१ स्वतःही त्या अस्तराला इजा करतं. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना होतं. घरात सगळे हुश्श करतात तीच वेळ धोक्याची असते.

आता प्लेटलेट. काउंटरवर प्रत्येक जण हाच आकडा विचारतो. गेल्या आठवड्यात एक दादा १८ हजारांचा रिपोर्ट घेऊन पांढरेफटक उभे होते. आम्ही जांभळ्या झाकणाच्या त्याच ट्यूबमधून स्लाइड केली. सूक्ष्मदर्शकाखाली कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसले, द्राक्षाच्या घडासारखे. त्या ट्यूबमधल्या रसायनाने काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन घडाला एकच मणी मोजतं. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त घेतल्यावर आकडा ९० हजारांच्या वर आला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, प्लेटलेटच्या शेजारचा पीसीव्हीही बघा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती तो आकडा. तो रोज चढत असेल तर रक्त घट्ट होतंय, आणि ते जास्त महत्त्वाचं.

धोक्याचे दिवस सरले की प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप चढतात, रस दिला तरी आणि नाही दिला तरी. त्यामुळे सासूबाईंच्या एका उदाहरणावरून श्रेय रसाला देता येत नाही. तुम्ही दिवसभर उशाशी बसून घोट घोट ताक, पेज, शहाळं पाजलंत असंही लिहिलंय. त्याचं मोल मला फार वाटतं. घरी करण्यासारखा खरा उपचार तोच होता.

‘आता त्यांना पुन्हा भीती नाही’ हे तुमचं वाक्य मात्र मला झोप लागू देईना. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. आपल्या पहारेकरी पेशी प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळतातच, म्हणजे विषाणूला आयतं दार उघडून मिळतं. आत गेल्यावर त्याच पेशींचा इंटरफेरॉनही मंदावतो. म्हणून दुसऱ्या खेपेला आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

तेव्हा यंदा सासूबाईंना ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, की गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी मनाने देऊ नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर नाहीच. ताप उतरल्यावरचे दोन दिवस लघवी किती वेळा झाली ते लिहून ठेवा. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले किंवा त्या सुस्तावल्या, तर रात्र असली तरी निघा. आणि गच्चीवरचं ते पिंप, ज्याचा फोटो तुम्ही मागे टाकला होतात, त्याला झाकण नाही. आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा आणि वरून कापड घट्ट बांधा.