वाघाचं हाड आणि आईचे गुडघे

आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. सकाळी ती पलंगाच्या कडेला दोन मिनिटं नुसती बसते, मग भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जाते. त्यामुळे परवा काका म्हणाले, "चीनमध्ये संधिवातावर वाघाचं हाड देतात, शेकडो वर्षांचा अनुभव आहे," तेव्हा मी ते उडवून लावलं नाही. बसून वाचून काढलं.

औषध जुनं आहे हे खरं. हाड दारूत मुरवायचं आणि ती दारू थोडी थोडी प्यायची. वाघाची ताकद हाडातून आपल्यात उतरते ही त्यामागची समजूत. पण हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजन, गाईडुकरांच्या हाडातही तेच. वाघाच्या हाडाने माणसाचा सांधा सुधारतो, हे नीट चाचणी घेऊन आजवर कुणीही दाखवलेलं नाही.

मग गुण आला म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. सांधेदुखी चढते, उतरते. माणूस औषधाकडे वळतो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर ते बरेचदा आपसूकच कमी होतं. श्रेय मात्र बाटलीला मिळतं. सांधेदुखीच्या 'पारंपरिक' पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचंही अनेकदा उघड झालंय. चार दिवसांत चमत्कार झाला की मला आधी तीच शंका येते.

परंपरा तपासता येत नाही, हेही मला पटत नाही. चीनमध्येच लेइ गोंग तेंग नावाच्या वेलीची आमवाताच्या २०७ रुग्णांवर मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या गोळीशी तुलना करून चाचणी झाली, २०१४ साली निष्कर्ष छापून आले. वेल त्या गोळीपेक्षा कमी पडली नाही. तिचे दुष्परिणामही आहेत, प्रजननक्षमतेवर परिणाम होतो, तेही नोंदवलेले आहेत. याला मी पुरावा म्हणते.

वाघाच्या हाडाच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्येच बंदी घातली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पाळलेल्या वाघांच्या हाडांना औषधासाठी मुभा जाहीर केली, आणि जगभर ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय लांबणीवर टाकला. इकडे आपल्या राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलात २००५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, शिकाऱ्यांनी सगळे संपवले. कातडी आणि हाडं, दोन्हींना सीमेपलीकडे गिऱ्हाईक होतं.

काका, तुमचा आईवर जीव आहे म्हणूनच तुम्ही सांगितलंत. आई रोज खुर्चीत बसून पाय सरळ करते, दहा आकडे मोजते, खाली ठेवते. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचं दुखणं कमी होतं, हे कितीतरी चाचण्यांत दिसलंय. रविवारी या, तिच्यासोबत तुम्हीही मोजा.