बुरशीला बुरशी

मंगळवारी सकाळी माझ्या १८०० रुपयांच्या बुरशीला बुरशी लागली.

चुकून दोनदा छापलेलं नाही ते. रेशी ही औषधी अळिंबी, म्हणजे जातीची बुरशीच. वाळली की लाकूड होते, म्हणून ओली असतानाच तिचे काप करतात. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने मी ते काप मागवले (तो स्वतः आता काळ्या तांदळावर गेलाय), आजीच्या चिनी मातीच्या बरणीत भरले आणि शोभा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. ऐन श्रावणात. पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर कापांवर हिरवट पांढरी लव, आणि वास बंद पडलेल्या वाड्यातल्या माजघराचा.

त्या दिवशी नेमकं ऊन पडलं. बरे दिसणारे काप निवडून मी गच्चीत बायकोच्या जुन्या साडीवर पसरले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या.

"काय रे, वाळवण घातलंयस?"

"हो काकू."

"श्रावणात?"

त्या एका शब्दात माझं शिक्षण, नोकरी आणि माझ्यावरचे संस्कार सगळं निकालात निघालं. मग काकू खाली बसल्या, चष्मा लावला, एक काप उचलून हुंगला आणि दोन बोटांत धरून वाकवला. तो वाकला.

"हे मोडत का नाही?"

"लाकडासारखं असतं ते, काकू."

"लाकूडसुद्धा वाळलं की मोडतं. हे वातड झालंय. माझी कुरडई बघ, हात लावला की कट्! कितीला आणलंस?"

"नऊशे," मी निम्म्यावर आलो.

"अहो, वर या!" काकूंनी कठड्यावरून हाक मारली. काका वर आले, तेही दाढीचा फेस तोंडावर घेऊन.

"हे बघा. आपल्या वाड्यातल्या गुलमोहराच्या बुडाशी यायचं ना, कानासारखं? तेच हे. नऊशे रुपये!"

काकांनी काप उजेडात धरला. "तेच. दोन पावसाळ्यांत झाड आडवं झालं. शेजाऱ्यांच्या स्कूटरवर." थोडं थांबून, "बजाज," म्हणाले.

"आणि हे तू खातोस?"

"उकळून पाणी पितो."

"मग बुरशी लागली म्हणून रडतोस कशाला? बुरशीला बुरशी लागली. नातेवाईकच आले की घरी!"

काका हसले. फेस माझ्या कापांवर उडाला.

मला राग काकूंचा नाही. म्हणजे आहे, पण त्याहून जास्त पाकिटाचा आहे. त्यावर ठसठशीत छापलंय, 'थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे.' पुण्यात, ऑगस्टमध्ये, दोन खोल्यांत अशी जागा कुठली, ते एकदा येऊन दाखवा! थंड जागा म्हणजे फ्रिज. गार बरणी बाहेर काढून लगेच उघडली की हवेतला दमटपणा आत पाणी होऊन बसतो. आधी ती खोलीइतकी कोमट होऊ द्यायची आणि मगच झाकण काढायचं, हे त्या पाकिटावर कुठेही नाही. कोरडी जागा म्हणावी तर गॅसशेजारची, तिथे दिवसभर कुकरची वाफ. अंधारी म्हणजे माळा, आणि माळ्यावर झुरळांचं सहकारी गृहनिर्माण. रबरी कडेची हवाबंद काचेची बरणी हवी, आत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, निळे दाणे गुलाबी झाले की त्या पुन्हा तापवून कोरड्या करायच्या, हे सगळं मला १८०० रुपये बुडाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी घेतलीच नसती, म्हणून छापत नसतील.

चिनी मातीच्या बरणीचा उलगडाही काकूंनीच केला. "अरे, लोणच्यावर तेल तरंगतं, आत मीठ असतं. झाकण जरा सैल असलं तरी निभतं. तुझ्या ह्या कानांना आहे का तेल, मीठ?"

नव्हतं. दिसायला बरे होते ते कापही शेवटी फेकले. लव वर दिसते तोवर तिचे धागे आत पसरलेले असतात, निवडण्यात अर्थ नाही. माझी कचऱ्याची पिशवी जिन्यात काकूंनी थांबवली.

"बरणी रिकामी झालीच आहे ना? दे मला. लिंबाचं लोणचं घालायचंय."

दिली. आजीची बरणी होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात तीच बरणी.

"घासलीस, पण पुसली नाहीस. कोरडी करून दे."