"काळं पाणी विकताय" या १ स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आमचं ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल) आणि सीव्हीडचं (समुद्री शेवाळाचं) लिक्विड गव्हाला पहिल्या पाण्यासोबत सोडलं, १५ दिवसांनी मुळं उपटून बघितली तर पिकाला जमिनीतलं अन्न आणून देणारी पांढरी बुरशी कुठंच नाही, एकरी दोन बॅग डीएपी (स्फुरदाचं खत) टाकूनही फुटवे शेजाऱ्याइतकेच, म्हणजे काळं पाणी विकताय.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या मुलानं तुम्हाला "दहा दिवसांत मुळावर पांढरी बुरशी दिसेल" असं सांगितलं, ते साफ चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी. गव्हाची ही मायकोरायझा बुरशी मुळाच्या पेशींच्या आत राहते, बाहेरचे धागे इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत, लॅबमध्ये मुळांना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. ह्युमिकनं जी पांढरी मुळं दिसतात ती गव्हाचीच नवी मुळं असतात, बुरशी नव्हे.

आता डीएपी. बागायती गव्हाला स्फुरदाची (फॉस्फरसची) शिफारस हेक्टरी ६० किलो, म्हणजे एकरी २४. डीएपीच्या ५० किलोच्या एका बॅगेतच २३ किलो येतं, तुम्ही दोन टाकल्या म्हणजे ४६ झालं. पीक बुरशीला स्वतःची साखर देतं ते कशासाठी, तर स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर चुन्याला धरूनच बसतं, आणि मुळं पोचत नाहीत तिथून ते ओढून आणायचं काम ही बुरशी करते, पण मुळाशीच भरपूर मिळालं की पीक तिला थारा देत नाही, मग वरून कितीही सीव्हीड सोडा.

दुसरं म्हणजे त्या रानात आधी कोबी होता असं तुम्हीच लिहिलंय. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांत ही बुरशी राहतच नाही, आणि जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही (म्हणूनच गुळाचं पाणी ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीला चालतं, हिला नाही). आमच्या लिक्विडमध्ये बुरशी नाहीये, असलेल्या बुरशीला ते फक्त हातभार लावतं, तेही रान साथ देत असेल तरच. हे विकतानाच विचारायला हवं होतं, आम्ही विचारलं नाही, म्हणून दोन्ही बाटल्यांचे पैसे परत देतोय, बिल घेऊन या.

पुढच्या रब्बीत माती परीक्षण करून डीएपी एका बॅगेवर आणा, कोबीच्या रानात गहू घेणार असाल तर बियाण्याला मायकोरायझाची पावडर चोळा, पण त्या बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नका, ते या बुरशीला मारक आहे. आणि चार सऱ्या काहीच न टाकता सोडा. कापणीला दोन्हीकडचं वेगळं मोजा आणि जे निघेल ते इथंच लिहा, आमच्या विरोधात गेलं तरी आम्ही ते काढायला सांगणार नाही.