काळजी करा, पण विचारा कुणाला?

आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय गाजतोय. भाचीने पत्रकारिता केली ती केली, आता तिला म्हणे युद्धाच्या बातम्या द्यायच्यात. दादाने लगेच फतवा काढला, "मुलीच्या जातीला हे झेपायचं नाही." वहिनीचं म्हणणं, "तुमच्या तिकडे इंग्लंडात, लेस्टरमध्ये कोण अडवतंय?"

अडवतात की, वहिनी. युद्धवार्ताहर क्लेअर हॉलिंगवर्थ इथल्याच, जन्म १९११चा. ऑगस्ट १९३९ मध्ये 'डेली टेलिग्राफ' या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या नोकरीत आठवडाही झाला नसेल, तर बाई पोलंडमधल्या कातोवित्सेहून ब्रिटिश कॉन्सुलची गाडी मागून घेऊन जर्मनीत शिरल्या. गाडीवर झेंडा, त्यामुळे वाट मिळाली. तिथे निवांत खरेदीही केली! परतताना रस्त्याकडेचे गोणपाटाचे पडदे वाऱ्याने उडाले आणि मागे उभे असलेले रणगाडे दिसले. २९ ऑगस्टला बातमी छापून आली, पण त्यांच्या नावाशिवाय. १ सप्टेंबरला हल्ला सुरू झाला, तरी वॉर्सातल्या वकिलातीला पटेना. मग बाईंनी फोनच खिडकीबाहेर धरला. घ्या, ऐका!

एवढं करूनही १९४३ मध्ये ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने त्यांना आघाडीवरून परत पाठवलं, कारण बायका नकोत. त्या अमेरिकन सैन्याबरोबर गेल्या. आपल्याकडेही १९६५च्या भारत-पाक युद्धात संपादकांनी नाही म्हटल्यावर पत्रकार प्रभा दत्त रजा टाकून पंजाबच्या आघाडीवर, खेमकरणला पोचल्याच होत्या. तेव्हा इकडचं-तिकडचं फार सांगू नका.

दादाची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. युद्धवार्ताहर मारी कोल्विनचा डावा डोळा २००१ मध्ये श्रीलंकेत गेला आणि २०१२ मध्ये सीरियातल्या होम्समध्ये तोफगोळ्यांनी तिचा जीव घेतला. पण त्यानंतर इथे तिला पाठवणाऱ्या वर्तमानपत्राच्या जबाबदारीवरही बोललं गेलं. आपल्याकडे सगळी उलटतपासणी पोरीचीच. दादा, तू नोकरी देणाऱ्याला विचार ना: बुलेटप्रूफ जाकीट कोण देणार? विमा किती? जखमी झाली तर बाहेर कोण काढणार? की बातमीमागे चार पैसे देऊन स्ट्रिंगर म्हणून वाऱ्यावर सोडणार? याची नीट उत्तरं आली नाहीत, तर मीही तिला जाऊ नको म्हणेन. मुलगा असता तरी हेच म्हटलं असतं.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर मुलींनाही शाळा सक्तीची केली, हे आपण पाहुण्यांना कोण कौतुकाने सांगतो! शिकून पुढे काय करायचं तेही महाराजांनीच ठरवून ठेवायला हवं होतं का?

आणि हो, तिला आधी चारचाकी शिकवा. अलकापुरीत स्कूटीवर ट्रिपल सीट फिरणं म्हणजे ड्रायव्हिंग नव्हे.